आधी प्रश्न, मग पदवी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या मुलामुलींना वर्ध्यात जो तो एकच विचारतो: पुढे काय? उत्तर बहुधा गावाच्या नावानं येतं. पुणे, हैदराबाद, बंगळुरू. ऐपत आणि हिंमत असेल तर जर्मनी. एम.टेक. करायचं ठरलं तरी चौकशी होते ती कॉलेजच्या रँकची, प्लेसमेंटची आणि हॉस्टेलची. दोन वर्षं नेमकी कशावर घालवणार, असं विचारणारं माणूस क्वचितच भेटतं. पदव्युत्तर शिक्षणाच्या निवडीतला सगळा घोळ मला इथे दिसतो. पदवी आधी ठरते, संस्था नंतर. शाखा प्रवेशाच्या यादीत जी मिळेल ती आणि प्रबंधाचा विषय तिसऱ्या सेमिस्टरला गाईड सुचवेल तो. हा क्रम उलटा करायला हवा. आधी प्रश्न ठरावा आणि त्या प्रश्नाच्या गरजेप्रमाणे पदवी, संस्था आणि गाव निवडावं.

हे वर्ध्याच्या संदर्भात म्हणायला कारण आहे. १९३७ सालच्या ऑक्टोबरात २२ आणि २३ तारखेला याच गावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून डॉ. झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि 'नई तालीम' म्हणून ओळखली जाणारी योजना आकाराला आली. तिचं सूत्र असं की, हातातल्या उत्पादक कामातून ज्ञानाकडे जायचं. सूत कातता कातता गणित, भूगोल आणि समाजाचा इतिहास शिकायचा. ही योजना शाळेसाठी होती आणि तिथेच ती अडखळली. मुलांच्या हातून निघालेल्या मालावर शाळेचा खर्च भागवायचा, या कल्पनेवर परिषदेतच प्रा. के. टी. शाह यांनी आक्षेप घेतला होता. तो आक्षेप रास्त होता, कारण सात वर्षांच्या मुलावर उत्पादनाचा भार टाकणं चूकच. पण बावीस वर्षांच्या अभियंत्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्याकडे गणित आहे, यंत्राची ओळख आहे, प्रोग्रॅम लिहिण्याचा हात आहे. नाही ते एवढंच: हे सगळं ज्याच्यासाठी वापरायचं असं खरं काम. नई तालीमचं सूत्र खऱ्या अर्थानं लागू पडतं ते प्राथमिक शाळेपेक्षा एम.टेक.च्या वर्गाला, अशी माझी खात्री आहे.

मग आपल्याकडे एम.टेक. असं पोकळ का झालं? महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सेवाग्रामचं बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचं. त्या निर्णयानं वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगावकडच्या हजारो मुलांना घराजवळ इंजिनिअर होता आलं आणि हे श्रेय नाकारता येणार नाही. पण एवढी कॉलेजं निघाली की त्यांना शिकवायला माणसं लागतात, आणि सहायक प्राध्यापकाच्या नेमणुकीला एम.ई. किंवा एम.टेक. ही अट असते. त्यामुळे पदव्युत्तर पदवीची मोठी मागणी नव्या ज्ञानापोटी आलीच नाही. ती नेमणुकीच्या फायलीत लावायच्या कागदापोटी आली. ज्यांना कागद हवा होता त्यांनी तो मिळवला आणि प्रबंध कपाटात गेले. पुढे कॉलेजं शिक्षकांच्या जागा भरेनाशी झाली, तशी कागदाची किंमतही उतरली आणि अनेक ठिकाणी एम.टेक.चे वर्ग ओस पडले. २०२४पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं एका शाखेत किती जागा ठेवाव्यात यावरची कमाल मर्यादाही काढली. साहजिकच पदवीच्या पातळीवर कॉम्प्युटरच्या जागा वाढत चालल्या आहेत. चार वर्षांनी एकसारखं शिकलेली मोठी बॅच बाहेर पडते, तेव्हा 'आता एम.टेक. करून ठेवू' हा विचार पुन्हा डोकं वर काढतो. 'करून ठेवू' म्हणून केलेलं शिक्षण हातात टिकत नाही, हे मागच्या पिढीनं अनुभवलं आहे.

याच्या उलट, प्रश्नापासून सुरुवात केली तर काय होतं, याचा दाखला वर्ध्याच्या मगनवाडीत आहे. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं ठाणं मगनवाडीत आलं. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. लंडनला हिशेबतपासनिसाचं शिक्षण घेतलेला, मुंबईत चांगली प्रॅक्टिस असलेला हा माणूस १९२७ साली अमेरिकेला गेला. सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेऊन तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. 'हिंदुस्थान गरीब का?' या विषयावर त्यांनी तिथे एक भाषण दिलं. त्याची बातमी वाचून त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी याच प्रश्नावर अभ्यास करायला सुचवलं. सरकारी महसूल आणि आपली गरिबी यांचा संबंध शोधता शोधता कुमारप्पांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९२९ साली ते गांधीजींना भेटले आणि पुढे मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, धूर कमी करणारी चूल, वनस्पती तेलावर चालणारा मगन दीप अशा कामांत रमले. कोलंबियाची पदवी त्यांच्यासारखी अनेकांनी घेतली. ती फळाला आली, कारण तिच्या मुळाशी एक प्रश्न होता.

मगनवाडीच्या या परंपरेबद्दल एक गैरसमज आजही ऐकू येतो. गांधी-विचाराला यंत्राचं वावडं, तेव्हा इंजिनिअरनं त्याच्या वाटेला जाऊ नये, असा. असं मानणाऱ्यांनी १९२९ सालची एक जाहिरात वाचावी. अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळी ही रक्कम केवढी, हे सांगायला नको. अटी अशा: चरखा खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालवता यावा, बाईला फार शीण न होता सलग आठ तास काम करता यावं, सूत १२ ते २० नंबरचं निघावं, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये, यंत्र वीस वर्षं टिकावं, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. किर्लोस्करवाडीला तयार झालेलं काळे यांचं यंत्र परीक्षेपर्यंत पोचलं, पण कसोटीला उतरलं नाही. बक्षीस शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही.

या अटी आजच्या एखाद्या एम.टेक.च्या विद्यार्थ्यानं नीट पाहाव्यात. सुताचा नंबर, किंमत, आयुष्य, दुरुस्ती आणि चालवणाऱ्या माणसाचा थकवा, अशा पाच गोष्टी एकमेकींना ओढतात आणि सगळ्या एकदम सांभाळायच्या आहेत. दोन सेमिस्टर पुरून उरेल असा हा प्रश्न आहे. त्यात वापरणारी बाई पहिल्या ओळीत आहे, शेवटच्या प्रकरणातल्या 'भविष्यातील उपयोग' या परिच्छेदात नाही. अशा अटी लिहिणारी माणसं यंत्राच्या विरोधात नव्हती. यंत्र कुणासाठी, हे विचारल्याशिवाय ती पुढे जायला तयार नव्हती, एवढंच.

आता आजचा, याच जिल्ह्यातला एक प्रश्न जवळून पाहू. २०१७ साली विदर्भातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीनं जो घाला घातला, तो हिंगणघाट-समुद्रपूरकडचा शेतकरी विसरलेला नाही. अळी बोंडात शिरली की फवारणीचा उपयोग नाही. त्यामुळे नजर ठेवायची ती पतंगांवर. त्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. आतल्या ल्यूरच्या वासानं नर पतंग येऊन अडकतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले तर उपाय करायचा, असा कापूस संशोधकांचा दंडक आहे. म्हणजे कुणीतरी रोज सकाळी सापळा उघडून पतंग मोजले पाहिजेत. ते मोजणं कंटाळवाणं, आणि निंदण-खुरपणाच्या घाईत ते राहून जातं.

मोबाइलनं फोटो काढून पतंग मोजता येतील का? कुणीही म्हणेल, का नाही. पण प्रत्यक्ष करायला बसलं की प्रश्न उलगडत जातो. पतंग एकावर एक पडलेले असतात. तडफडून पंखांवरची भुकटी झडलेली असते, त्यामुळे ओळख पटवायच्या खुणाच गेलेल्या. शेजारी दुसरे किडे, कचरा, ओल. फोन स्वस्तातला, उजेड कमी, शेतात रेंज नाही. म्हणजे मॉडेल फोनवरच चाललं पाहिजे. त्यातही दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. सहाचे नऊ मोजले तर एक फवारणी फुकट जाते आणि औषधवाल्याची उधारी वाढते. नवाचे सहा मोजले तर बोंडं जातात. मग मॉडेल शिकवताना कोणत्या चुकीला जास्त दंड लावायचा? एकरी दोन सापळ्यांवरून सगळ्या शिवाराबद्दल किती खात्रीनं बोलता येतं? इथे प्रतिमा-विश्लेषण आहे, संख्याशास्त्र आहे, निर्णयशास्त्र आहे आणि अर्थशास्त्रही आहे. एवढा प्रश्न हातात घेऊन जो विद्यार्थी एखाद्या चांगल्या विभागात मुलाखतीला जाईल, त्याला 'तुम्हाला इथे का यायचंय' याचं उत्तर पाठ करावं लागणार नाही.

प्रश्न असा हातात असेल तर पर्यायांकडे बघण्याची नजरच बदलते. पहिला आणि सगळ्यांत मोठा दरवाजा गेटचा. तिसऱ्या वर्षापासून ही परीक्षा देता येते, गुण तीन वर्षं चालतात, आणि २०२४पासून डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र पेपर आहे. गेटमधून प्रवेश घेतलेल्या एम.टेक.च्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. ही गोष्ट खेड्यापाड्यातल्या पालकांपर्यंत पोचतच नाही. 'आता पुढचं शिकवायला पैसे कुठून आणायचे' असं म्हणणाऱ्या बापाला कुणीतरी सांगायला हवं की, गेटमध्ये चांगले गुण असतील तर पोरीच्या एम.टेक.चा बराचसा भार घरावर पडत नाही. गेटशिवाय, भरमसाट फी भरून घेतलेल्या एम.टेक.पेक्षा एक वर्ष थांबून गेट देणं कितीतरी शहाणपणाचं. आणि नागपूरचं व्हीएनआयटी तर वर्ध्यापासून ऐंशी किलोमीटरच्या आत आहे.

ज्याचा प्रश्न खोल आहे आणि वर्गातले पेपर कमी, काम जास्त हवं आहे, त्यानं आयआयटी मद्रास किंवा हैदराबादच्या आयआयआयटीसारख्या ठिकाणचं संशोधनावर आधारित एम.एस. पाहावं. ज्याला संशोधनच करायचं आहे त्याला बी.टेक.नंतर थेट पीएच.डी.चा रस्ता अनेक आयआयटींमध्ये खुला आहे. संशोधन फेलोशिप २०२३पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आहे. पंतप्रधान संशोधन फेलोशिपची सुरुवात ७०,००० रुपयांपासून होते. बार्टी, सारथी आणि नागपूरला मुख्यालय असलेली महाज्योती या संस्थांच्याही पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती आहेत. बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. झालेल्यांना दोन वर्षांचं एम.सी.ए. आहे, तिथे पाया पक्का करायला वेळ मिळतो, पण प्रबंधाचं काम बहुतेक ठिकाणी नोकरीच्या इंटर्नशिपमध्ये विरघळून जातं. आणि ज्याला सध्या फक्त हाताला काम आणि नोकरी हवी आहे, त्याच्यासाठी सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्यात कमीपणा काही नाही. उलट नोकरीसाठी हवं असलेलं कौशल्य सहा महिन्यांत मिळत असताना त्यासाठी दोन वर्षं आणि एम.टेक. खर्ची घालणं हा आयुष्याचा अपव्यय आहे.

सी-डॅकचं नाव आलं म्हणून विजय भटकरांची आठवण काढतो. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्यासारख्या खेड्यात जन्मलेला हा मुलगा नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून इंजिनिअर झाला, बडोद्याला एम.ई. आणि दिल्लीच्या आयआयटीत पीएच.डी. केली. अमेरिकेनं महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. त्या संस्थेच्या उभारणीत भटकर अग्रभागी होते. त्यांची प्रत्येक पदवी वेगळ्या गावातली. पण त्यांचं नाव झालं ते देशापुढच्या एका नेमक्या अडचणीला भिडल्यामुळे.

परदेशाबद्दलही हाच निकष लावावा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही किंवा फार थोडं आहे, पण वर्षभराच्या खर्चाचे अकरा-बारा हजार युरो आधीच बँकेत गोठवून दाखवावे लागतात. अमेरिकेत तंत्रशाखांच्या पदवीनंतर एक वर्ष आणि वाढीव दोन वर्षं काम करता येतं. कर्ज मात्र त्या तीन वर्षांच्या भरवशावर काढलेलं असतं आणि व्हिसाचं धोरण आपल्या हातात नाही. ज्या प्रश्नाचं उत्तम काम म्युनिकमध्ये किंवा अमेरिकेतच चालतं, त्यासाठी जरूर जावं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिचा आग्रहानं लाभ घ्यावा. केवळ 'बाहेर' जायचं म्हणून वावर गहाण टाकून जाऊ नये.

आता आक्षेप. पहिला पैशाचा आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. चार एकर कोरडवाहू असलेल्या घरातल्या मुलीनं आधी कमवावं की प्रश्न शोधत बसावं? तिनं आधी कमवावं, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण नोकरीही प्रश्न देते. दोन-तीन वर्षं काम केल्यावर जी अडचण रोज छळते, तीच घेऊन गेट देता येते. घाईनं, नोकरी मिळाली नाही म्हणून केलेल्या एम.टेक.पेक्षा असं उशिरा केलेलं एम.टेक. दसपट कामाचं. शिवाय कोड लिहिण्याची सोपी कामं आता यंत्रंच करू लागली आहेत. अशा काळात नुसतं 'कोडिंग येतं' हे भांडवल पुरणार नाही. काय करायला हवं हे ओळखता येणं, ही गोष्ट टिकेल.

दुसरा आक्षेप असा की, स्थानिक प्रश्नात अडकलेला विद्यार्थी जगाच्या स्पर्धेत मागे पडेल. वरचंच उदाहरण घ्या. गर्दीत एकमेकांवर पडलेल्या छोट्या वस्तू मोजण्याची पद्धत पतंगांना लागू पडते, तशीच ती रक्ताच्या नमुन्यातल्या सिकलसेलच्या विळ्याच्या आकाराच्या पेशींनाही लागू पडते, आणि हा आजार विदर्भाच्या ओळखीचा आहे. प्रश्न गावाचा असला तरी पद्धत जगाची असते. आयआयटी मुंबईत १९८५ साली ग्रामीण तंत्रविकल्पांचं सितारा केंद्र सुरू झालं, २००७पासून तिथे 'तंत्रज्ञान आणि विकास' या विषयात एम.टेक. देतात. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावोगावचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याचं काम आयआयटी मुंबईनं केलं. त्या प्रकल्पात वर्धा जिल्हाही होता. म्हणजे मुंबईचे संशोधक आपल्या शिवारातल्या पाण्याचं गणित सोडवू शकतात. मग इथल्या मुलांनी ते का सोडवू नये?

शेवटचा आक्षेप मी स्वतःच घेतो: प्रश्न आधी शोधा असं विद्यार्थ्याला सांगणं सोपं आहे, पण एकट्या मुलानं तो शोधायचा कुठे? ही जबाबदारी संस्थांची आहे, आणि त्या बाबतीत वर्ध्याची श्रीमंती क्वचितच कुणाकडे असेल. मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे आणि १९६९पासून वैद्यकीय महाविद्यालयही. दत्तपूरला कुमारप्पांच्या परंपरेतलं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. १९७५च्या नागपूरच्या विश्व हिंदी संमेलनात झालेल्या मागणीतून उभं राहिलेलं हिंदी विश्वविद्यालय आहे, जिथे भाषा आणि संगणक यांची सांगड घालणारा अभ्यास होतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या शेतकऱ्याचं बोलणं यंत्राला समजावं, हा प्रश्न त्यांच्या दारातच उभा आहे. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. सेवाग्रामची, सावंगी मेघेची आणि शिक्षा मंडळाच्या २०१७ सालच्या बजाज इन्स्टिट्यूटसारखी तंत्रशिक्षणाची केंद्रं आहेत. नाही तो या सगळ्यांमधला रस्ता.

तो रस्ता बांधायला मोठा निधी लागत नाही. या संस्थांनी मिळून दरवर्षी जिल्ह्यातल्या प्रश्नांची एक वही तयार करावी. त्यात रुग्णालयातल्या परिचारिकेनं, बाजार समितीतल्या अडत्यानं, निम्न वर्धा प्रकल्पाच्या कालव्यावरच्या चौकीदारानं आणि कापूस वेचणाऱ्या बायांनी मांडलेले प्रश्न असावेत. आणि प्रत्येकाच्या अटी १९२९च्या त्या जाहिरातीइतक्या स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. बी.ई.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्या वहीतून निवडला जावा, म्हणजे तयार प्रोजेक्ट विकत घेण्याची गरज आपोआप कमी होईल. एम.टेक.च्या प्रबंधाला कॉलेजच्या गाईडबरोबर प्रश्न देणाऱ्या संस्थेतला दुसरा मार्गदर्शक असावा. जमवलेली माहिती पुढच्या विद्यार्थ्यासाठी राखावी आणि प्रबंधाचा सारांश मराठीत लिहावा, म्हणजे ज्यानं प्रश्न दिला त्याला उत्तर वाचता येईल. आणि प्रयोग फसला तर तो तसाच, प्रामाणिकपणे लिहिण्याचे पूर्ण गुण मिळावेत. एक लाखाचं ते बक्षीस कुणाला मिळालं नाही, पण त्या अटींमुळे पुढच्या माणसाला आपण कुठे कमी पडतो ते कळलं. ज्ञान पुढे जातं ते असंच.

वर्ध्याची मुलं बाहेर जाणारच, आणि जायलाच हवीत. माझं मागणं एवढंच आहे, की पुणे, मद्रास किंवा म्युनिकच्या गाडीत बसताना त्यांच्याजवळ गुणपत्रिकेबरोबर स्वतः निवडलेला, अटींसकट लिहिलेला एक प्रश्न असावा. तो देण्याची जबाबदारी या जिल्ह्यातल्या शिक्षकांची आणि संस्थांची आहे. ती पार पाडायला कुठल्याही परिषदेच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. येत्या सेमिस्टरपासून सुरुवात करता येईल.